थांबण्याचे ४७ तास : तुरुंगातल्या एका ओजेटीचे प्रकरण

एप्रिल २०२५. मूल्यमापन समितीच्या बैठकीत टेबलावर १४ फाइली होत्या. एम.ए. गुन्हेगारीशास्त्र, दुसरे सत्र, ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचे प्रशिक्षण. तेरा फाइली तासाभरात हातावेगळ्या झाल्या. चौदावी उघडल्यावर समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी पेन्सिल काढली आणि दैनंदिनीतल्या ओळींखाली रेघा मारायला सुरुवात केली. 'जेल गेटवर थांबले, १ तास ४० मिनिटे.' 'कोर्टात थांबले, बोर्डावर २८ वा नंबर, अडीच तास.' 'लोकअभिरक्षक कार्यालयात थांबले, ५० मिनिटे.' शेवटी त्यांनी बेरीज केली. १२० तासांपैकी ४७ तास ही मुलगी नुसती थांबली होती, आणि तसे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिले होते.

"मॅडम, बसून राहण्याचे क्रेडिट कसे द्यायचे?" सरांनी मला विचारले. तिची मार्गदर्शक मी होते.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या महिनाभरात जे घडले त्यातून ते सापडत गेले. गुन्हेगारी न्यायव्यवस्थेत विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्या इतर विभागांनाही हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे, म्हणून सगळे प्रकरण इथे मांडते आहे. महाविद्यालयाचे, शहराचे आणि माणसांचे नाव देत नाही. विद्यार्थिनीने लिहायला परवानगी दिली आहे.

आधी क्रेडिटचे गणित. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात इंटर्नशिपसाठी एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रात ३० तासांचे काम असा हिशेब आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य सरकारने २०२३ मध्ये अभ्यासक्रमाची जी रचना लावली, तिच्यात पदव्युत्तरच्या दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा क्षेत्रप्रकल्प ४ श्रेयांकांचा. चार गुणिले तीस, १२० तास. आमच्याकडे हे चार श्रेयांक तुकड्यांनी मिळत नाहीत. मिळाले तर चारही, नाहीतर शून्य. ४७ वजा केले की उरतात ७३. म्हणजे मुलीला पुढच्या वर्षी १२० तास पुन्हा पहिल्यापासून. ती रोज तालुक्याच्या गावाहून एसटीने यायची. दोन तास जायला, दोन तास यायला. ते तास अर्थातच कुठल्याच रकान्यात नव्हते.

समितीची दुसरी हरकतही होती. प्रत्येक दिवसाचा जिओ-टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, जोडायचा असा आमच्या फॉर्मचा नियम, आणि तिच्या फाइलीत फोटो होते सहा. सगळे कोर्टाच्या आवाराबाहेरचे. तुरुंगाच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, टोकन मिळते आणि मगच आत जाता येते, ही साधी गोष्ट आमचा फॉर्म बनवताना कोणाच्याच लक्षात आली नव्हती. फॉर्म एका कंपनीत जाणाऱ्या वाणिज्यच्या विद्यार्थ्याला नजरेसमोर ठेवून तयार झालेला. आम्ही तो तसाच उचलला.

तिला जागा मी दिली होती. आमचे विद्यार्थी साधारण चार ठिकाणी जातात. पोलीस ठाणे, मुलांचे निरीक्षणगृह, एखादी स्वयंसेवी संस्था आणि गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिने मुलाखतीतच सांगितले, "मॅडम, मला कैद्यांना भेटायचंय, पण नुसतं बघायला नको. काहीतरी काम द्या." म्हणून प्राधिकरणात पाठवली. तिथल्या सचिवांनी तिला विधी स्वयंसेवकांसोबत जोडून दिले आणि काम नेमके ठरवून दिले : जामीन मंजूर होऊनही जे न्यायबंदी (खटल्याचा निकाल न लागलेले कैदी) बाहेर पडलेले नाहीत, त्यांची यादी दर आठवड्याला तुरुंगातून येते. त्या यादीतल्या माणसांना भेटायचे, का अडकलेत ते विचारायचे आणि लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे अशा आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या, वकिलांना कळवायचे.

ही यादी कुठून आली तेही सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यासाठी निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जायची. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण असल्याने तशी अट घालू नये, असेही त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ न्यायबंदी. शंभरातले पंच्याहत्तरहून जास्त. वर्गात हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मुले वहीत उतरवून घेतात.

पावणेचार आठवडे अडकलेला मुलगा

१० फेब्रुवारीला तिची ओजेटी सुरू झाली. १३ तारखेला आलेल्या यादीत १९ नावे होती. त्यातले एक बीड जिल्ह्यातल्या २२ वर्षांच्या मुलाचे. शहरात सेंटरिंगच्या कामावर होता. साइटवरच्या सुपरवायझरचा १२ हजारांचा मोबाइल चोरल्याचा आरोप, ११ जानेवारीला अटक. ३ फेब्रुवारीला, सोमवारी, त्याचा जामीन मंजूर झाला होता : १५ हजारांचा जातमुचलका (स्वतःचे बंधपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक ऐपतदार जामीनदार.

१४ तारखेला ती पहिल्यांदा त्याला भेटली. गेटवरचे ते १ तास ४० मिनिटे याच दिवसाचे. आत विधी सहाय्य केंद्राच्या खोलीत एक जन्मठेपेचा बंदी विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज लिहून देतो. त्याचे अक्षर मोत्यासारखे आहे असे तिने दैनंदिनीत लिहिले आहे. मुलगा आला, समोर बसला आणि म्हणाला, "ताई, माझा जामीन नाही ना झाला?"

त्याला माहीतच नव्हते. अकरा दिवसांपूर्वी जामीन झालेला. सुनावणी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) झाली, त्याला आवाज नीट आला नाही. घरी सोडले नाही म्हणजे फेटाळला, असा त्याने सरळ अर्थ लावला. आदेशाची प्रत त्याच्याकडे होती. शर्टाच्या खिशात चार घड्या करून ठेवलेली. इंग्रजीत. तो सातवीपर्यंत शिकलेला. तिने तो कागद उलगडून त्याला मराठीत वाचून दाखवला. दैनंदिनीत या भेटीपुढे तिने 'मुलाखत, २५ मिनिटे' एवढेच लिहिले. फॉर्मच्या रकान्यात तेवढीच जागा होती.

यानंतर जे सुरू झाले ते बहुतेक सगळे थांबणेच होते.

आईवडील ऊसतोडीला गेलेले, कर्नाटकात, बेळगावच्या बाजूला. त्यांच्याकडे फोन नाही. मुकादमाचा नंबर मुलाला अर्धाच आठवत होता. शेवटचे दोन आकडे जुळवून पाहण्यात विधी स्वयंसेवकांचा एक दिवस गेला. मुकादमाशी बोलणे झाले तेव्हा कळले की टोळी हंगाम संपेपर्यंत हलणार नाही, उचल फिटायची आहे. मग गावाकडच्या चुलत्याचा शोध. चुलते तयार झाले. त्यांची दोन एकर कोरडवाहू. सातबारा आणि आठ-अ काढायला त्यांना दोन दिवस. मधे १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी. २१ तारखेला, शुक्रवारी, ते रात्रीच्या एसटीने येऊन सकाळी साडेनऊला कोर्टाच्या पायरीवर हजर होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला सातबारा आणि भाकरीचे फडके.

अडीच तासांनी त्यांचा पुकारा झाला. आदेशात 'स्थानिक' लिहिले आहे, बाहेरच्या जिल्ह्यातली जमीन चालणार नाही, आणि ऐपतीचा दाखलाही इथल्या तहसीलचा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. चुलत्यांनी सातबारा पुन्हा गुंडाळला. बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "ताई, रान काय हितं उचलून आनावं का?"

दुपारच्या गाडीने ते परत गेले. तिकिटाचे पैसे कोणी दिले, हे दैनंदिनीत नाही. मी नंतर विचारले तेव्हा ती काही बोलली नाही, आणि मीही पुढे विचारले नाही.

त्याच रात्री सव्वादहाला तिचा मला फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसलेला. "मॅडम, माझे बाबा एसटीत मेकॅनिक आहेत. पर्मनंट आहेत. पगारपत्रक आहे, घर इथलंच आहे. मी त्यांना विचारलंय, ते जामीनदार राहायला तयार आहेत. सोमवारी केलं तर तो सोमवारीच सुटेल. चालेल ना?"

खरे सांगायचे तर क्षणभर माझ्या तोंडावर हो आले होते. एक सज्जन माणूस तयार आहे, कागद पुरे आहेत, मुलगा ४१ दिवस आत आहे. नाही म्हणायला काय कारण?

तरी मी नाही म्हटले. त्या रात्री तिला जे सांगितले ते तसेच इथे लिहिते, कारण क्षेत्रात मुले पाठवणाऱ्या प्रत्येक शिक्षकावर हा फोन घेण्याची वेळ येते. जामीनदार म्हणजे नुसती सही नव्हे. मुलगा तारखेला आला नाही तर १५ हजारांची जबाबदारी तिच्या वडिलांवर, आणि मुलगा येईल की नाही हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. दुसरे, यादीत त्या आठवड्यात १९ माणसे होती. एकाला बाबा मिळाले तर उरलेल्या १८ जणांना ती काय सांगणार? तिसरे मला सर्वात महत्त्वाचे वाटते : ती त्या खोलीत बसते ती प्राधिकरणाच्या ओळखपत्रावर. उद्या आत शब्द पसरला की अमुक ताई जामीन मिळवून देतात, तर पुढच्या भेटीत तिला खरी माहिती कोणी देणार नाही. लोक तिला जे ऐकायला आवडेल तेच सांगतील. आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना कदाचित ते दारच बंद होईल.

"मग मी करायचं काय?" तिने विचारले.

"सोमवारी वकीलसाहेबांना सांग की चुलते का परत गेले. नेमक्या शब्दांत सांग. आणि तो २०२३ चा निर्देश त्यांच्यासमोर ठेव."

तिने तेच केले. २४ तारखेला लोकअभिरक्षक कार्यालयातल्या सहायक वकिलांनी अट शिथिल करण्याचा अर्ज दाखल केला. जामिनाची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ मध्ये लिहिलेलेच आहे. सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणे, यायचा होता. २६ ला महाशिवरात्र. २७ ला से दाखल झाला. २८ ला, शुक्रवारी दुपारी, अर्ज चालला. दहा मिनिटे, तिच्या घड्याळाप्रमाणे. जामीनदाराची अट काढली, जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश झाला. कागद तुरुंगात पोहोचेपर्यंत बराकींना कुलपे लागली होती. १ मार्चला सकाळी तो बाहेर आला.

जामीन मंजूर झाल्यापासून २६ दिवसांनी.

माझी चूक

समितीच्या बैठकीनंतर मी फाइल घरी नेली आणि दैनंदिनी पहिल्यांदा सलग वाचली. दर शनिवारी मी तिच्यावर सही केली होती. सही करताना तास मोजले होते, ओळी वाचल्या नव्हत्या. ती ४७ तास थांबली, हे मला समितीतल्या सरांच्या पेन्सिलीमुळे कळले. मार्गदर्शक म्हणून ही माझी चूक, आणि तिची किंमत ती मुलगी मोजायला निघाली होती.

त्याच गठ्ठ्यात आणखी एका विद्यार्थ्याची फाइल होती. त्याची ओजेटी एका पोलीस ठाण्यात. दैनंदिनीत रोज पाच तास, 'अभिलेख संगणकीकरण'. एक मिनिट वाया गेलेला नाही. सविस्तर विचारल्यावर कळले की जुन्या नोंदवह्या टाइप करण्यापलीकडे त्याला काहीच करू दिले नव्हते. स्टेशन डायरी कशी लिहितात हेही त्याने पाहिले नव्हते. प्रमाणपत्र होते, फोटो २४ होते, सह्या पूर्ण. समितीने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मीही विचारला नाही. चारही श्रेयांक दिले.

जिने खरे लिहिले ती अडली, आणि ज्याला काही शिकवलेच गेले नाही तो पास झाला. फॉर्म जर तासच मोजणार असेल, तर दोन वर्षांत आमची सगळी मुले 'थांबले' हा शब्द लिहायचे सोडून देतील. त्या जागी 'समुपदेशन, ५ तास' लिहायला शिकतील. ही भीती मला सगळ्यात जास्त वाटली.

हा प्रश्न समाजकार्य विभागांना नवा नाही. त्यांच्याकडे क्षेत्रकार्य पदवीचा कणा आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा क्षेत्रप्रकल्प १९९० पासून तुरुंगांतल्या आणि सुटून आलेल्या माणसांसोबत काम करतो, आणि अशा कामातून विद्यार्थी कसे घडवायचे याचा त्या विषयाला मोठा अनुभव आहे. तिथे विद्यार्थी दर आठवड्याला अहवाल लिहितो आणि पर्यवेक्षक त्याच्याशी एकट्याने बसून त्यावर बोलतो. 'आयसी' म्हणतात तिला, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. मग सगळ्या गटाची 'जीसी', ग्रुप कॉन्फरन्स. आम्ही समाजकार्याकडून तास घेतले, दैनंदिनी घेतली. आयसी घेतली नाही. विधी शाखेच्या मुलांना भारतीय वकील परिषदेच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. त्यातली कितीतरी मुले मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतात. थांबलेली. त्यांच्यासोबतही कोणी बसून बोलत नाही.

चार कागद चिकटवलेला तक्ता

समितीने एक सवलत दिली. पंधरा दिवसांत पूरक अहवाल आणि पुन्हा तोंडी परीक्षा. मी तिला बोलावले आणि दोन तास बसले. फेब्रुवारीत जे करायला हवे होते ते मी एप्रिलमध्ये केले. तिला एकच प्रश्न विचारला : तू थांबलीस तेव्हा नेमके कशासाठी थांबली होतीस?

सुरुवातीला ती म्हणाली, "साहेब यायचे होते." मग म्हणाली, "म्हणजे, कागद यायचा होता." थोड्या वेळाने वहीचे पान उलटून ती एकेक तारीख पाहू लागली आणि प्रत्येक थांबण्यापुढे लिहू लागली. कोणाची सही, कोणता कागद, तो कुठून कुठे जात होता, तोपर्यंत आत कोण बसले होते.

त्यातून तिने चार ए-फोर कागद आडवे चिकटवून एक तक्ता केला. त्या एका मुलाचे २६ दिवस. ३ ते १३ फेब्रुवारी, दहा दिवस : आदेश तुरुंगात पोहोचला आहे, मुलगा आत आहे, त्याला जामीन झाल्याचे माहीत नाही, कोणी विचारलेले नाही. १३ ते १४, एक दिवस : यादी ते भेट. १४ ते २१, सात दिवस : मुकादम, चुलते, सातबारा, एक सुट्टी. २१ ते २४, तीन दिवस : चुलते नाकारले गेले, मधे चौथा शनिवार आणि रविवार. २४ ते २८, चार दिवस : अर्ज, से, एक सुट्टी, सुनावणी. २८ ते १, एक दिवस : कागद उशिरा पोहोचला. तळाशी लाल पेनाने तिने लिहिले होते, 'निर्णयासाठी लागलेला वेळ : १० मिनिटे.'

तक्त्याखाली तिने मांडलेला मुद्दा मला शिक्षक म्हणून अजून पुरतो आहे. ती म्हणते, मी धरून चालले होते की हा मुलगा गरीब आहे म्हणून अडकला. पण २६ पैकी पहिले दहा दिवस गरिबीचे नव्हते. ते भाषेचे आणि न सांगण्याचे होते. आदेश मराठीत वाचून दाखवणारा एक माणूस ४ फेब्रुवारीला त्याच्यासमोर असता तर चुलते ११ तारखेला आले असते. शिवाय सात दिवसांची मुदत उलटून यादी यायला आणखी तीन दिवस गेले. ही तीन दिवसांची गळती तिने १९ पैकी ११ जणांच्या बाबतीत तपासली होती. प्रत्येकाच्या कागदावरच्या तारखा तिने गेटवर थांबलेल्या वेळात, रजिस्टरवरून, वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवल्या होत्या. हे दैनंदिनीत नव्हते, कारण दैनंदिनीत तसा रकाना नव्हता.

तोंडी परीक्षेच्या आधी मी तिला एक निकाल वाचायला दिला. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, १९७८. मोतीराम गवंडी होता. त्याला १० हजारांचा जामीनदार आणायला सांगितले, आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला गेला, का तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितले. हा निकाल मी दुसऱ्या सत्रात शिकवते, त्यावर प्रश्नही येतो. ती वाचून आली आणि मला म्हणाली, "मॅडम, हा आपण जानेवारीत शिकलो होतो. मला पाठ होता. पण चुलते सातबारा गुंडाळत होते तेव्हा मला तो आठवलाच नाही."

हे ऐकून मी गप्प झाले. ज्ञान तिच्याकडे होते, प्रसंगही तिच्यासमोर घडला, आणि दोन्ही एकमेकांना भेटले नाहीत. ते भेटवून देणे हेच मार्गदर्शकाचे काम. चार श्रेयांकांतला माझा वाटा तोच होता, आणि तो मी द्यायला विसरले होते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा झाली. पेन्सिलवाल्या सरांनी तक्ता टेबलावर पसरायला सांगितला आणि बराच वेळ पाहिला. त्यांनी पाच प्रश्न विचारले, सगळे अवघड. वडिलांना जामीनदार करण्याचा विचार तिने आपणहून सांगितला, आणि तो का सोडला हेही. शेवटी सर म्हणाले, "२१ तारखेचे कोर्टातले अडीच तास मी खोडले होते. तेच सगळ्यात जास्त कामाचे निघाले." चारही श्रेयांक मंजूर झाले. श्रेणी मध्यम आली, कारण मूळ दैनंदिनीचे गुण आधीच लागलेले होते आणि ते बदलता येत नव्हते. मला ते पटले नाही. तिने आग्रह धरला नाही.

या वर्षीचा फॉर्म

जूनमध्ये आम्ही फॉर्म बदलला. जिओ-टॅग फोटोची अट तुरुंग, निरीक्षणगृह आणि मुलांच्या संस्थांसाठी काढली. त्याऐवजी गेट रजिस्टरची वेळ आणि संस्थेच्या मार्गदर्शकाची सही चालते. दैनंदिनीत माणसांची नावे लिहायची नाहीत, फक्त क्रमांक. क्रमांकाची किल्ली प्राधिकरणाच्या कार्यालयात राहते, महाविद्यालयात येत नाही. मागच्या वर्षी तिच्या पहिल्या मसुद्यात त्या मुलाचे पूर्ण नाव, गाव आणि गुन्हा क्रमांक होता, आणि तो मसुदा पोर्टलवर चढायला एक दिवस बाकी होता. हे आठवले की अजून धस्स होते.

'थांबले' हा शब्द लिहायला आता मुभा आहे. त्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या : कशासाठी, कोणासाठी आणि तोपर्यंत काय दिसले. हे लिहिले तर तो वेळ धरला जातो. नुसते 'थांबले' असेल तर नाही. दर शुक्रवारी अर्धा तास प्रत्येकाशी आयसी. चौदा विद्यार्थी म्हणजे सात तास. विभागात आम्ही दोघेच पूर्णवेळ आहोत, आणि हे सात तास आमच्या कार्यभारात अजून धरले जात नाहीत. प्राचार्यांना पत्र दिले आहे. ओजेटीला मुले पाठवायची आणि मार्गदर्शकाचा वेळ शून्य धरायचा, हे चालणार नाही असे मी त्यात स्पष्ट लिहिले आहे.

जागा ठरवण्याआधी आता संस्थेसोबत एक पानाचा लेखी ठराव होतो. विद्यार्थ्याने काय करायचे, काय पाहायचे आणि काय करायचे नाही. 'करायचे नाही' या मथळ्याखाली पहिली ओळ : विद्यार्थ्याने किंवा त्याच्या नातेवाइकाने कोणत्याही बंद्यासाठी जामीनदार राहायचे नाही, पैसे भरायचे नाहीत. त्याखालीच दुसरी ओळ आहे : तसे करावेसे वाटले तर त्याच दिवशी मार्गदर्शकाला फोन करायचा, कितीही वाजले असोत. पोलीस ठाण्याच्या ठरावात निव्वळ टायपिंगला ३० तासांची मर्यादा घातली. एका ठाण्याने त्यामुळे या वर्षी मुले घ्यायला नकार दिला. त्या दोघांना आम्ही दुसरीकडे पाठवू.

प्रवासखर्चाचे काहीच झालेले नाही. दोन मुली अजूनही रोज एसटीने येणार आणि त्यातली एक संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम करते. तिचे १२० तास कसे बसवायचे, हे आम्ही तिच्यासोबत बसून आठवड्याच्या कॅलेंडरवर मांडतो आहोत.

तक्त्याची एक प्रत प्राधिकरणाच्या सचिवांनी मागून घेतली. त्यांनी ती मासिक बैठकीत ठेवली आणि ऑगस्टमध्ये मला फोन केला. सात दिवस उलटायची वाट न पाहता, जामिनाचा आदेश तुरुंगात पोहोचला की दुसऱ्या कामाच्या दिवशी तो बंद्याला मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवायचा, असे काम त्यांना सुरू करायचे आहे. त्यासाठी दर सत्राला दोन विद्यार्थी हवेत, आणि प्रत्येक आदेशाचा तसाच तक्ता. दोघांची नावे आम्ही कळवली आहेत. गेट पासचे फोटो काढून झाले. मागच्या वर्षीची ती मुलगी त्यांना पहिल्या दिवशी सोबत नेणार आहे, आणि नेताना घड्याळ घाला असे तिने दोघांना सांगून ठेवले आहे, कारण मोबाइल गेटवरच राहतो.